आधी बसायची जागा, मग चित्र: बीडच्या शहररेखाटनाचा आढावा

शहररेखाटन म्हणजे वस्तीचे चित्र त्या वस्तीत बसूनच काढणे. फोटोवरून घरी रंगवलेले किंवा कल्पनेने रचलेले चित्र त्यात धरत नाहीत. कागद लहान, साधने खांद्यावरच्या पिशवीत मावतील एवढी आणि वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, एवढ्यावर हे काम चालते. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत त्याला ‘आउटडोअर’ म्हणतात. ‘आज आउटडोअरला गेलो होतो’ म्हटले की बोर्ड, क्लिपा आणि पाण्याची बाटली घेऊन नदीकाठी किंवा देवळाशी बसलो होतो, असे समजायचे. स्पर्धांच्या पत्रकांत त्याचेच ‘ऑन द स्पॉट’ होते. ‘निसर्गचित्र’ हा जुना शब्द मात्र शहराला नीट बसत नाही. चौकातल्या विजेच्या खांबाला निसर्ग म्हणणे जरा जड जाते.

या प्रकाराला आज जे जागतिक नाव मिळाले आहे त्याचा उगम अलीकडचा आहे. मूळचा स्पेनचा आणि अमेरिकेतल्या सिएटल शहरात वृत्तपत्रासाठी चित्रे काढणारा गॅब्रिएल कॅम्पानारिओ याने २००७ मध्ये जागेवर रेखाटन करणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र आणले आणि ‘अर्बन स्केचर्स’ हे नाव रूढ झाले. त्यांचा पहिला जागतिक मेळावा २०१० मध्ये पोर्टलंडला भरला. पुढे मुंबई आणि पुण्यातही असे गट उभे राहिले. सुटीच्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जमायचे, दोन तास काढायचे आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर मांडून पाहायच्या, हा त्यांचा साधा शिरस्ता. सोबत एक जाहीरनामाही आहे. त्यातली महत्त्वाची अट अशी, की जे दिसते त्याच्याशी प्रामाणिक राहायचे. या अटीचा खरा जाच मोठ्या शहरांपेक्षा बीडसारख्या गावात होतो. का, ते पुढे येईलच.

महाराष्ट्राला जागेवर चित्र काढणे नवे नव्हते. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तिथले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुढची तेरा वर्षे अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या नकला करत होते. नक्कल असली तरी ती समोर बसून, डोळ्यांनी पाहून केलेली. जे. जे. मध्ये शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठाने, रंकाळ्याच्या परिसरात वर्षानुवर्षे चित्रे काढत राहिले. एका गावाच्या एकाच भागाशी इतका काळ इमान राखणारा चित्रकार मराठी मुलखात विरळा. शहराच्या गर्दीकडे खट्याळ नजरेने पाहणारी रेघ गोव्याच्या मारिओ मिरांडांची, तर पुण्यामुंबईच्या रस्त्यांना जलरंगात मान मिळवून देण्यात मिलिंद मुळीक यांचा वाटा मोठा आहे.

बीड या सगळ्यापासून दूर राहिले, त्याला कारण आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. जे. जे. ची परंपरा, कोल्हापूरसारखा दरबारी आश्रय, चित्रांची प्रदर्शने यांचे वारे इकडे उशिरा पोहोचले. आजही शासकीय कला महाविद्यालयासाठी बीडच्या मुलाला छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तरीही चित्रकलेचा पाया इथे घराघरांत आहे, तो ग्रेड परीक्षांमुळे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना जिल्ह्यातल्या शाळांतून मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. सगळे पेपर वर्गात बसून द्यायचे. स्मरणचित्रात बाजार, बसस्थानक, पाणवठा असे विषय येतात आणि मुले पाठ केलेला बाजार काढतात: तीच टोपली, तीच छत्री, तोच पाठमोरा माणूस. खरा आठवडी बाजार शाळेच्या भिंतीपलीकडे भरलेला असतो. शहररेखाटनाला बीडमध्ये पहिली अडचण आहे ती या पाठ केलेल्या बाजाराची.

दुसरी अडचण उन्हाची, तिसरी बघ्यांची. दोन्हींवर उपाय एकच, नीट निवडलेली बसायची जागा. काय काढायचे हा प्रश्न बीडमध्ये कधीच पडत नाही. कुठे बसायचे यावर चित्र ठरते.

बीड शहरात सुरुवात कंकालेश्वरापासून करण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तो रास्त आहे. तळ्याच्या मध्यभागी उभे असलेले हे देऊळ शहरातले सर्वांत जुने आणि देखणे बांधकाम मानले जाते. शैलीवरून ते यादवकाळातले, बहुधा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले असावे, असा अंदाज आहे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. त्या दिवशी चित्राचा नाद सोडून माणसेच काढावीत. एरवी तळ्याच्या काठावर, पाठीमागे सावली धरून बसले की देऊळ, पाणी आणि पाण्यातले देऊळ असे तिन्ही एका कागदात येतात. नवख्याची गफलत पहिल्या पाच मिनिटांत होते. देवळाची बाह्य भिंत तारकाकृती आखणीमुळे कोनाकोनांत मोडलेली आहे आणि नवखा ते कोन मोजत बसतो. अर्ध्या तासाने डावीकडची बाजू भरलेली असते आणि उजवीकडच्या बाजूला कागद उरलेला नसतो. त्याऐवजी डोळे बारीक करून पाहिले तर कोन नाहीसे होतात आणि उन्हाचे व सावलीचे उभे पट्टे दिसतात. ते पट्टे मांडले की कोन आपोआप समजतात. थरांच्या आडव्या रेघा आणि सुरसुंदरींच्या मूर्ती शेवटी, त्याही दोन-चार ठिकाणी सूचित केल्या तरी पुरे.

पाण्यातल्या प्रतिबिंबाचा एक नियम पाठ करण्याजोगा आहे. गडद वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित उजळ पडते आणि उजळ वस्तूचे किंचित गडद. म्हणून काळा दगड पाण्यात थोडा फिका आणि आकाश थोडे काळवंडलेले रंगवायचे. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या थेट खाली, सरळ उभ्या रेषेत पडते. ते तिरके गेले की पाणी कलंडलेले दिसते. मराठवाड्यात तळ्यातले पाणी वर्षभर एका पातळीवर नसते, हेही चित्राच्या फायद्याचे आहे. काठाच्या दगडांवर उतरत्या पाण्याच्या खुणा राहतात. त्या खुणा कागदावर आल्या तर चित्राला महिना कळतो.

काळ्या दगडाचे रंगही फसवे. दख्खनचा बेसॉल्ट नावाला काळा असला तरी मराठवाड्याच्या उन्हात तो राखाडी, कधी तांबूस आणि सावलीत निळसर दिसतो. डबीतला तयार काळा वापरला की देऊळ कोळशाच्या वखारीसारखे होते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जो करडा मिळतो तो या दगडाच्या जवळ जातो; निळा वाढवला की सावली, तपकिरी वाढवला की ऊन. एप्रिल-मे मध्ये आणखी एक उपद्रव असतो. रंगाची झिलई लावता लावता कडेने सुकते आणि आकाशात डाग पडतात. त्या दिवसांत रंग सोडून केवळ शाईच्या रेघेवर काम करणे शहाणपणाचे. नाहीतर सकाळी नऊच्या आत आवरायचे.

शहराच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर हा तिचा कारागीर होता, असे सांगतात. दक्षिणेकडच्या दोन बोगद्यांतून पाणी विहिरीत येते आणि उत्तरेकडच्या बोगद्यातून पुढे शेतीकडे जाते. भर दुष्काळातही तिची पातळी हलत नाही, अशी ख्याती आहे. रेखाटन शिकणाऱ्यासाठी ही गोल विहीर म्हणजे लंबवर्तुळाचा धडा. वरून पाहताना काठाचे वर्तुळ चपटे दिसते आणि जसजसे खाली जावे तसतसे वर्तुळ अधिक गोल होत जाते. जवळजवळ प्रत्येक नवखा नेमके उलटे करतो. पाण्याची कड सरळ रेघेसारखी काढतो आणि विहीर बशीसारखी उथळ होते. वस्तुचित्राच्या पेपरला तांब्या-बादली काढताना शिकलेला नियम इथे शंभरपट मोठा होऊन समोर येतो. फक्त काठावर बसताना बोर्डापेक्षा पायाकडे लक्ष जास्त असावे.

खरे शहररेखाटन मात्र जुन्या वस्तीत. कोतवाली वेस, राजुरी वेस, धोंडीपुरा, बलभीम चौक, कारंजा, बशीरगंज ही नावे बीडकराच्या रोजच्या बोलण्यातली. वेशीच्या आत गेले की जुन्या बांधणीचे अवशेष अजून सापडतात. माळवदाची घरे, दगडी जोते, त्यावर विटा-मातीची भिंत, रस्त्याकडे ओटा, लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना दिव्यासाठी कोनाडे. माळवदाला उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेले छिद्र म्हणजे सवणे. ते रस्त्यावरून दिसत नाही. शेजारच्या गच्चीवर चढले तरच कळते. आणि गच्चीवरून पाहिले की आणखी एक गोष्ट उघड होते. माळवद, पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब असे एकाच घराचे तीन काळ शेजारी शेजारी पडलेले असतात. हे दृश्य कोणत्याही देवळापेक्षा काढायला अवघड आणि शहराबद्दल अधिक सांगणारे आहे.

या वस्तीतल्या मोठ्या इमारतींपैकी किल्ला भागातली जामा मशीद १६२७ मध्ये, जहांगीर बादशहाच्या अखेरच्या काळात, जान सिपार खानाने बांधवली. तीन मोठे घुमट आणि चार मिनार. पूर्वेकडच्या उंचवट्यावर शहेनशाह वली यांचा दर्गा, त्याच बाजूच्या टेकडीवर खंडोबाचे देऊळ आणि त्यासमोर सत्तरेक फूट उंचीच्या दोन अष्टकोनी दीपमाळा. दीपमाळा काढताना लोक टेकडीच्या पायथ्याशी बसतात आणि त्यांची टोके कागदाबाहेर जातात. उंच वस्तूच्या उंचीइतके तरी मागे सरकावे, दुप्पट सरकले तर उत्तम, हा ढोबळ हिशेब दीपमाळेला आणि मिनारालाही लागू आहे. टेकडीवरून उलट शहराकडे तोंड करून बसले तर घुमट, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे आणि लांब बालाघाटाची निळी कड असे आडवे चित्र मिळते. वहीची दोन पाने जोडून काढावे असे ते आहे.

गल्लीत बसायची उत्तम जागा कोणती, तर चहाची टपरी. एका चहात अर्धा तास बाकडे मिळते, डोक्यावर पत्र्याची सावली असते, पाठीला भिंत असते म्हणून मागून कोणी डोकावत नाही, आणि टपरीवाला आपणहून बघ्यांना आवरतो. ‘नकाशा काढताय का?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. त्यामागे रस्तारुंदीकरणाची धास्ती असते. वही आणि पेन घेऊन घराकडे पाहणारा माणूस पालिकेचा असणार, हा अंदाज अनुभवातून आलेला आहे. वही उघडून दाखवली की धास्ती संपते आणि फर्माईश सुरू होते. दुकानाची पाटी नीट यावी, एवढी अट घालून माणसे समाधानी असतात. मुलींना आणि बायांना एकटीने चौकात बसून काढणे अजून अवघड जाते. दोघी-तिघींनी मिळून जाणे, ओळखीच्या घराचा ओटा किंवा माळवद धरणे हा त्यावरचा चालू उपाय आहे. दर्गा, मशीद, देऊळ यांच्या आवारात आधी विचारून बसावे. विचारले तर नकार क्वचितच येतो.

नजरेच्या रेषेबद्दल एक गोष्ट बाजारात बसल्याबसल्या शिकता येते. रेखाटणारा उभा असेल तर सपाट रस्त्यावरच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात. फक्त पाय वर-खाली होतात. तो बाकड्यावर बसला की ही रेषा लोकांच्या छातीशी येते आणि जवळची डोकी वर जातात. जमिनीवर मांडी घातली तर वेस दुप्पट भारदस्त दिसते आणि शेळीसुद्धा मोठी होते. पाठ केलेल्या बाजारातली माणसे तरंगतात ती हा हिशेब नसल्यामुळे.

आता प्रामाणिकपणाच्या अटीचा जाच. बीडच्या कोणत्याही चौकात नजर टाकली तर समोरच्या दृश्याचा बराच भाग फ्लेक्सने व्यापलेला असतो. वाढदिवस, निवड, आगमन, श्रद्धांजली; मधोमध हात जोडलेला माणूस, कडेने शुभेच्छुकांच्या तळहाताएवढ्या चेहऱ्यांची झालर. बहुतेक चित्रकार फ्लेक्स आणि विजेच्या तारा गाळून मागची कमान तेवढी काढतात. चित्र सुंदर होते, पण ते बीडचे राहत नाही. तारांचे जाळे वेशीवर कसे लटकते आणि फ्लेक्सचा बांबू जुन्या दगडात कुठे अडकवला आहे, हे आले तरच ते त्या दिवसाचे बीड होते. अक्षरे वाचता येतील अशी काढायची गरज नाही. लाल-पिवळ्या चौकोनांचा भार जिथे आहे तिथे तो दाखवला की झाले.

माणसांच्या बाबतीत जिल्ह्याचे स्वतःचे एक पंचांग आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जाणारा हा व्यवसाय इथल्या गावांची निम्मी घरे हिवाळाभर कुलूपबंद ठेवतो. त्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार रचलेला दिसतो: पत्र्याची पेटी, पाण्याचे बॅरल, सरपण, कोंबड्या, त्यावर बसलेली मुले. रेखाटनाच्या दृष्टीने विषय विलक्षण भरीव आहे आणि नेमका म्हणूनच सांभाळून हाताळावा असा. चेहरे टिपण्यापेक्षा ओझ्याची रचना, बसण्याची ढब, दोरी कुठून कशी आवळली आहे याकडे लक्ष दिले तर चित्रही खरे होते आणि कोणाच्या हालअपेष्टांचे प्रदर्शनही होत नाही. कुलूपबंद गावे काढायला डिसेंबर-जानेवारी. ती चित्रे आजवर फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाहीत.

बीड शहराबाहेर रेखाटनाला सर्वांत संपन्न गाव अंबाजोगाई. योगेश्वरीचे देऊळ, त्याचे शिखर, आवाराबाहेरची खण-नारळाची दुकाने; जयवंती नदीचा काठ; खडकात कोरलेले हत्तीखाना अर्थात शिवलेणी आणि त्यातले दगडी हत्ती; सकलेश्वर म्हणजे बाराखांबी. निजामी अमलात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि फर्ग्युसन-बर्जेस यांच्या १८८० च्या लेण्यांवरील ग्रंथात इथल्या लेण्यांची नोंद त्याच नावाने आली आहे. बाराखांबीचे उरलेले खांब सावलीच्या अभ्यासाला कंकालेश्वरापेक्षाही सोयीचे पडतात. शिखर आणि गर्दी यांच्याकडे लक्ष जात नाही, खांबामागून खांब आणि त्यांच्यामधली रिकामी जागा एवढेच समोर उरते. ती रिकामी जागाच आधी काढली तर खांब आपोआप उमटतात.

अंबाजोगाईला चित्राचा एक जुना वारसाही आहे आणि शहररेखाटनाच्या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा तत्त्वविचार कागदावर न लिहिता सुमारे चाळीस फूट लांबीच्या खादीच्या कापडावर अक्षरे आणि आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. तीच ‘पासोडी’. ती काही स्थळचित्र नव्हे. पण मजकूर आणि आकृती एकाच पटावर, एकमेकांना समजावत चालवण्याची ही रीत आजच्या रेखाटनवहीची जवळची नातलग आहे. वहीच्या पानावर चित्राशेजारी तारीख, वेळ, टपरीवाल्याचे बोलणे, भाजीचा भाव लिहिणाऱ्यांनी आपला पूर्वज म्हणून दासोपंतांकडे खुशाल बोट दाखवावे.

परळीत वैजनाथाच्या देवळाच्या पायऱ्या हा एकच विषय दिवसभर पुरतो. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले हे देऊळ उंचवट्यावर आहे. पायऱ्यांच्या तळाशी बसून वर पाहिले की पायऱ्यांचे पृष्ठभाग नाहीसे होतात आणि फक्त उभे पट्टे उरतात, वर बसून खाली पाहिले की उलट. परळीचा दुसरा चेहरा औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांचा. तिथे एक कायदेशीर खबरदारी हवी: १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमानुसार प्रतिबंधित जागेचे रेखाटन करणे हाही गुन्हा ठरू शकतो. अशा सूचनेचा फलक दिसला की वही मिटावी. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ मध्ये बांधला. तिथे तटापेक्षा तटाखालचे गाव काढण्याजोगे आहे. गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे राक्षसभुवन १७६३ च्या लढाईमुळे इतिहासात आहे आणि घाट-पाणी-देऊळ एकत्र हवे असणाऱ्यांना ते पुरेसे आहे.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोनशे जीएसएमच्या वरचा कागद, न पसरणाऱ्या शाईचे पेन, बारा रंगांची डबी, एक गोल ब्रश, दोन क्लिपा, जुन्या धोतराचा तुकडा. महागडी वही असली की पहिले पान खराब होण्याच्या भीतीने ती कोरीच राहते. हातकागद वापरायचा असेल तर तो फार दूर नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे. मात्र त्याच्या खरखरीत पृष्ठावर बारीक निब अडकते.

या सगळ्या उद्योगाचा उपयोग काय, याचे एक उत्तर बिंदुसरा नदीच्या काठावर आहे. २३ जुलै १९८९ च्या पुराने बीडच्या नदीकाठच्या वस्तीचे मोठे नुकसान केले. अशी वस्ती गेली की मागे सातबारा, पंचनामे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी उरतात. ओटा किती उंच होता, दार कोणत्या दिशेला होते, कडुलिंबाची सावली कुठवर पडायची, हे कुठल्याच दप्तरात नसते. देवळे-मशिदींची मोजमापे पुरातत्त्व खाते घेते. राहत्या घरांची कोणी घेत नाही. फोटो आता सगळे काढतात, पण फोटोत घर घरमालकामागे लपते. रेखाटणाऱ्याला मात्र घराकडे अर्धा तास टक लावून पाहावे लागते, आणि त्यामुळे खणांची संख्या, जोत्याच्या पायऱ्या, चौकटीवरची पट्टी आपसूक मोजली जाते. पानावर तारीख आणि गल्लीचे नाव नसेल तर यातला निम्मा उपयोग वाया जातो.

१७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर–बीड रेल्वे सुरू झाली आहे. बाहेरचे रेखाटणारे आता येऊ लागतील आणि ते आधी कंकालेश्वरच काढतील. धोंडीपुऱ्यातली माळवदे इथल्याच मुलांनी काढायला हवीत. ग्रेड परीक्षा आटोपली की शाळाशाळांत रंगपेट्या पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जातात आणि नेमका त्याच वेळी हिवाळा सुरू होतो. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्या पेट्या नोव्हेंबरात एका रविवारी बाहेर काढाव्यात आणि मुलांना सकाळी सातला वेशीपाशी आणून बसवावे.